हौसेचे मोल : मराठी गद्यातील साध्या सुखांचा इतिहास

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. हौस असलेला माणूस खर्चाचा हिशेब मांडत बसत नाही, एवढाच त्याचा लौकिक अर्थ. वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ही म्हण जरा थांबून वाचावी, असे आम्हांस वाटते. चहाचा एक कप, आगगाडीचा एक प्रवास, दिव्यापाशी बसून केलेले वाचन, अंगावर चढवलेला नवा सदरा ही सुखे इतकी साधी आहेत की त्यांना इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. इतिहास असतो तो लढायांना, तहांना, सुधारणांना आणि चळवळींना. चहाला कसला इतिहास? पण गेल्या दीडशे वर्षांतील मराठी गद्य या दृष्टीने चाळले की ध्यानात येते ते असे : या प्रत्येक सुखाला मोल होते, आणि ते सर्वांना सारखे नव्हते. कोणी ते पैशात चुकवले, कोणी प्रायश्चित्तात, तर कोणी तहानेत.

आपल्या शब्दकोशातही याच्या खुणा आहेत. 'चैन' या शब्दाला दूषणाचा वास आहे. चैन करणारा मुलगा वाया गेलेला असतो. 'हौस' मात्र चालते. ती लग्नकार्यात करायची असते आणि शक्यतो दुसऱ्याची करायची असते. 'करमणूक' म्हटले की रिकामा वेळ गृहीत धरावा लागतो, आणि 'विरंगुळा' म्हटले की आधी केलेले काम. सुखाला असे सतत काहीतरी कारण देत राहावे लागते, यातच सुख ही आपल्याकडे परवानगीने भोगण्याची गोष्ट होती याची कबुली आहे. ही परवानगी कोण देत असे आणि कोणाला नाकारीत असे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभ १८९० या वर्षापासून करणे सोयीचे ठरेल. या वर्षी हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. बोधाच्या आणि वादाच्या त्या धामधुमीत एका नियतकालिकाने स्वतःला हे नाव घ्यावे, यात एक शांत धिटाई होती. आणि याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. काहींनी चहा घेतला. काहींनी शिष्टाचार म्हणून कप हाती घेतला आणि तसाच खाली ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्याला तोंड फुटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी पुढे केले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले.

ही हकीकत सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, आणि ती बहुधा टिळक-रानडे यांच्या स्वभावभेदाचा दाखला म्हणून सांगितली जाते. आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जाते. त्या दिवशी चहा कसा लागला, याविषयी कोणी काहीच लिहून ठेवलेले नाही. कप ओठांना लागला की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. चव हा प्रश्नच नव्हता. ज्या पेयाने पुढे मराठी मध्यमवर्गाची सकाळ व्यापली, त्याचा आपल्या सार्वजनिक इतिहासातला हा ठळक प्रवेश आरोपपत्रातील पुरावा म्हणून झालेला आहे. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हे प्रायश्चित्त येते ते घराच्या आतून. धोरण, मुत्सद्देगिरी, मित्रांची अडचण हे शब्द सभेत शोभतात. घरातल्या माणसाला दिसतो तो एका कप चहापायी मान लववावी लागलेला आपला माणूस. मराठीत साध्या सुखाची किंमत आधी स्त्रियांच्या आठवणींनी नोंदवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

वाचनाचेही असेच. पुण्यात १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच पुढे नगर वाचन मंदिर झाली. ठाण्यास १८९३ मध्ये आणि मुंबईस १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. या सनावळीवरून वाचनसंस्कृती वाढत गेली, असा निष्कर्ष काढता येतो, आणि तो खोटा नाही. पण वाचनाची सोय होणे आणि वाचनाचे सुख मिळणे यांत अंतर आहे. नवऱ्याने शिकवायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून बोल लावायचे, या कात्रीत रमाबाई वाचायला शिकल्या. 'करमणूक'मधून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीतील यमूचे मुंबईतले दिवस आठवून पाहावेत. मोठ्या कुटुंबाच्या नजरेबाहेर येऊन नवराबायकोने एकत्र वाचावे, मित्रमंडळींत बसून बोलावे, एवढेच तिचे सुख. त्यात आज आपल्याला कादंबरीत नोंदवण्याजोगे काहीच वाटणार नाही. हरिभाऊंनी मात्र ते सविस्तर रंगवले, कारण पुढे वैधव्य आणि केशवपन यांनी ते संपूर्ण हिरावून घेतले जाते. या कादंबरीचा शोक आपण शिकवतो. तिच्यातील सुख शिकवायचे राहून जाते. गेलेले काय होते हे कळल्याशिवाय गेल्याचे दुःख कळत नाही, हे हरिभाऊ जाणून होते.

आता प्रवास. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानची वाट धरली ती दक्षिणेच्या आशेने आणि डोक्यावरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेतून. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये बंडाची धामधूम आहे, लुटले जाणे आहे आणि आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड आणणे आहे. प्रवास ही हौस असू शकते, ही कल्पना त्या पायी प्रवासाला परवडणारी नव्हती. ती आली आगगाडीबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास २१ मैलांची पहिली गाडी गेली तेव्हा तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. निमंत्रितांची ती गाडी लवकरच तिकीट काढणाऱ्या साऱ्यांची झाली. डब्यांचे वर्ग पाडले गेले ते पैशावरून. एकाच बाकावर कोण कोणाशेजारी बसले आहे, हे विचारण्याची सोय उरली नाही. आगगाडीने जातिभेद मोडला, असे विधान त्या काळापासून होत आले आहे. आगगाडीपुरते ते काही अंशी खरेही असेल. पण प्रवासी कधी ना कधी स्थानकावर उतरतो.

१९०१ मधील एक प्रवास या दृष्टीने पाहावा. सातारा जिल्ह्यात राहणारी चार मुले, म्हणजे एक दहाएक वर्षांचा मुलगा, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीचे दोन मुलगे, सुट्टीत वडिलांकडे गोरेगावास निघाली होती. वडील तेथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. मुलांनी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. या प्रवासासाठी नवे कपडे शिवून घेतले होते. विलायती धाटणीचे सदरे, चकचकीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे असा सारा थाट होता. वाटेत खाण्यासाठी घरून फराळ बांधून दिला होता. प्रवास, खाणे, कपडे अशा साऱ्या हौसा एका दिवसात एकवटल्या होत्या. मसूर स्थानकावर मुले उतरली, पण येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. इतकी नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. आपण महार आहोत, असे मुलांनी सांगताच तो पाच पावले मागे सरला. एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला तो असा, की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. जवळ फराळ होता, पण पाणी कोणी दिले नाही; आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुले रात्रभर उपाशी राहिली.

त्या दहा वर्षांच्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. ही हकीकत त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणात आली आहे. ते टिपण पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले १९९० मध्ये. आम्हांस या हकीकतीतील सर्वांत बोचणारी गोष्ट पाणी नाकारणे ही वाटत नाही. ते तर तेव्हाच्या व्यवहाराला धरूनच होते. बोचते ते त्या कपड्यांचे तपशीलवार वर्णन. तीन दशके उलटून गेल्यावर, परदेशातील विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या विद्वानाला टोपीची चमक आणि धोतराचा काठ आठवतो. अपमानाची स्मृती आणि हौसेची स्मृती यांची गाठ तेथे कायमची बसलेली आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्या नीटनेटक्या कपड्यांमुळेच स्टेशनमास्तराला मुले कोणा वरच्या जातीची वाटली. म्हणजे नीटनेटकेपणाही कोणाचा असावा, हे ठरलेले होते.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचे एक उदाहरण चहाकडे परत नेते. शाहू महाराजांच्या पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास साहाय्य केले. गंगाराम यांनी चहाचे हॉटेल काढले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. सवर्ण गिऱ्हाईक तेथे फिरकेना. तेव्हा महाराजच आपली गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले. ही हकीकत त्यांच्या अखेरच्या वर्षांतली. पंचहौदच्या चहाशेजारी हा चहा ठेवून पाहावा. पेय तेच, आणि मधला काळ जेमतेम तीस वर्षांचा. पुण्यात चहा पिणाऱ्याची प्रतिष्ठा गेली. कोल्हापुरात पिणाऱ्याने आपली प्रतिष्ठा चहा करणाऱ्याला दिली. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली, राखीव जागांचा हुकूम काढला, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. रस्त्यात गाडी थांबवून चहा पिणे, ही कृतीही त्याच मोलाची होती. तिच्यातला आनंद वजा केला तर तिचे मर्म कळत नाही. कर्तव्य म्हणून प्यालेला चहा हा उपकार झाला असता; हौसेने प्यालेल्या चहाने सोबत दिली.

मराठी लघुनिबंधाचा जन्म नेमका याच दशकातला. १९२६ च्या सुमारास ना. सी. फडके यांनी 'रत्नाकर' मासिकातून 'गुजगोष्टी' लिहायला सुरुवात केली; १९३३ मध्ये त्या पुस्तकरूप झाल्या. पाठोपाठ अनंत काणेकर आणि वि. स. खांडेकर आले, आणि 'मी'ला मध्यभागी ठेवून क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर खेळीमेळीने बोलणारा हा प्रकार मराठीत रुजला. निबंधमालेच्या परंपरेत निबंध म्हणजे मत, वाद आणि प्रहार होता. आता निबंध गप्पांच्या पातळीवर उतरला. सवयी, लहरी, वस्तू, भटकणे, आळस हे विषय लिहिण्याजोगे झाले. साध्या सुखाला आता कारण द्यावे लागत नव्हते. ते सांगणाऱ्याची शैली हेच त्याचे समर्थन होते. मराठी गद्याला मिळालेले हे मोठे स्वातंत्र्य होते, आणि ते लहान लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

परंतु याच सुमारास, मार्च १९२७ मध्ये, महाडला परिषद भरली होती. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केलेला असूनही परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्च रोजी चवदार तळ्यावर जाऊन लोकांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर अफवेने चिथावलेला जमाव चालून आला तेव्हा मंडपात काही जण जेवत होते. त्यांचे अन्न मातीत तुडवले गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद झाली आणि तेथे बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकून द्यावेत, नीटनेटके कसे राहावे, हे त्यांनी सांगितले. मसूरच्या स्थानकावर अपराध ठरलेली हौस तेथे चळवळीच्या कार्यक्रमात आली होती. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगोलग बदलली. वेषभूषा हा ललित निबंधाचा हलकाफुलका विषय मानला जातो. महाडला तो मनुस्मृतिदहनाच्या जोडीचा विषय होता.

या दोन घटना एकाच काळात घडल्या म्हणून फडक्यांना दोषी धरावे, असा सोपा मार्ग आम्ही सुचवीत नाही. प्रत्येक गुजगोष्टीत चवदार तळे आले पाहिजे होते, ही अपेक्षा वाङ्मयाच्या दृष्टीने हास्यास्पद ठरेल. आमचा मुद्दा इतकाच आहे की लघुनिबंधातील निरागस 'मी' निसर्गदत्त नव्हता. हॉटेलात शिरताना, गाडीत बसताना, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना त्याला कोणी जात विचारीत नव्हते, म्हणून तो निरागस राहू शकला. पंचहौदच्या पिढीने प्रायश्चित्ताच्या रूपाने जे मोल मोजले, त्याचे व्याज तो सुखाने खात होता आणि मूळ रक्कम विसरला होता. हे विस्मरण हेच या प्रकाराचे सौंदर्य आणि हीच त्याची मर्यादा. पुढे तो लवकर साचेबंद झाला, अशी तक्रार नेहमी होते. त्याचे एक कारण येथे शोधता येईल. ज्या सुखामागची धाकधूक विसरली जाते, ते सुख वर्णनात लवकर गुळगुळीत होते.

हा वारसा पुढे समृद्ध झाला, हेही सांगितले पाहिजे. पु. ल. देशपांडे यांनी 'अपूर्वाई'त (१९६०) प्रवासाला आणि 'माझे खाद्यजीवन'सारख्या लेखात खाण्याला जी प्रतिष्ठा दिली, तीमुळे मराठी वाचक आपल्या जिभेविषयी लाजेनासा झाला. पण १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, आणि १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले. त्यानंतरच्या आत्मकथनांतून आणि कथांतून गावच्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी वाचकांसमोर पुन्हापुन्हा येत राहिली. मराठी चहाच्या वर्णनांत आजवर न दिसलेली ती दुसरी कपबशी होती. मराठी माणसाचे चहावरचे प्रेम या विषयावर तिच्यावाचून लिहिलेला इतिहास अर्धाच राहील.

मात्र येथे आपणा अध्यापकांकडून एक उलटी चूक होण्याचा संभव असतो. लघुनिबंधात सुख आणि दलित आत्मकथनात दुःख, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचणाऱ्याला ही वाटणी टिकत नाही असे दिसेल. त्यात महारवाड्यातला आषाढ आहे. घरे सारवली जातात, बायका न्हातात, गोडाधोडाचा घास पोटात जातो, सारी वस्ती हरखते. वर्षभराच्या उपासमारीपुढे तो महिना किती तोकडा, हे लेखिका जाणते, आणि त्या सणावाराआडच्या अंधश्रद्धेवर ती कठोरपणे बोटही ठेवते. तरीही आषाढातला आनंद ती खोडून टाकत नाही. भुकेची बाजू मांडताना चवीची साक्ष काढता येते, हे तिने मराठी गद्याला दाखवले. वंचितांना सुख ठाऊक नव्हते, असे समजणे हाही त्यांना नाकारण्याचाच एक प्रकार आहे. मसूरच्या मुलांना हौस होती, म्हणून तर त्यांचा अपमान इतका खोल गेला.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या अभ्यासक्रमांत लघुनिबंध हा एक घटक असतो, आत्मकथन हा दुसरा, प्रवासवर्णन हा तिसरा. परीक्षेत प्रश्नही वेगवेगळे येतात. एखाद्या तासाला ही घटकांची कुंपणे बाजूला ठेवून, रमाबाई रानडे, हरिभाऊंची यमू, आंबेडकरांचा मसूरचा प्रवास, एखादी गुजगोष्ट आणि बेबी कांबळे यांचा आषाढ ही पाने एकापाठोपाठ वाचून दाखवावीत. त्यानंतर वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्ये न विचारता प्रत्येक पानाविषयी तीनच प्रश्न विचारावेत : येथे कोण सुखात आहे? त्या सुखाला परवानगी कोणाची लागली? आणि तिचे मोल कोणी चुकवले?

वर्गातील सर्व विद्यार्थ्यांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत, हा आमचा अनुभव आहे. ज्याच्या आजोबांनी वेगळ्या कपबशीतून चहा घेतला त्याचे उत्तर, आणि ज्याच्या आजीच्या स्वयंपाकघरात ती कपबशी निराळ्या कोनाड्यात होती त्याचे उत्तर, ही दोन्ही एकाच बाकावरून येऊ शकतात. तो तास थोडा अवघड जातो. तास संपल्यावर तीच मुले उपाहारगृहात एका टेबलाभोवती चहा घेत बसलेली दिसतात, आणि त्यांना त्यात विशेष काही केल्यासारखे वाटत नाही. तसे न वाटणे हीच या इतिहासाची कमाई होय. ती कशी आणि कोणाच्या खर्चाने झाली, एवढे त्यांना ठाऊक असावे.